संदर्भसूची : वैद्यकीय लेखाची शेवटची पाने

(मंडळाच्या विद्यार्थी-गौरव समारंभात मुलुंड येथे दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले आहे.)



चिटणीसांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा "वैद्यकीय नियतकालिकासाठी लेख लिहिताना संदर्भ कसे द्यावेत" असे मी त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, "गुरुजी, विषय थोडा कोरडा नाही का होणार?" विषय कोरडा आहे हे मला मान्य आहे. व्याकरणही कोरडेच असते, आणि उभा जन्म मी तेच शिकवीत आलो. परंतु आज सत्कार झालेल्या मुलामुलींत वैद्यकीय शाखेचे बरेच जण आहेत. त्यांच्यापुढे लवकरच प्रबंध येईल, मग लेख येईल; आणि त्यांचे सारे कष्ट जेथे अडखळतात ती जागा बहुधा लेखाच्या शेवटच्या दोन पानांत असते, असा माझा अनुभव आहे.

मी मॅट्रिकच्या पलीकडे शिकलो नाही. वैद्यकशास्त्रात मला गती आहे असा माझा यत्किंचितही दावा नाही. मात्र सेवानिवृत्तीनंतर अंधेरी-बोरिवलीकडची आणि घाटकोपर-मुलुंडकडची आपली मुले आपापले प्रबंध घेऊन माझ्याकडे येऊ लागली. "गुरुजी, मजकूर राहू द्या, तेवढी शेवटची यादी पाहा," असे ती म्हणत. यादीतील स्वल्पविराम, पूर्णविराम आणि आकडे यांवर नजर ठेवण्यास एम. डी. व्हावे लागत नाही. वह्या तपासण्याची सवय पुरते. याद्या तपासता तपासता त्या कशासाठी असतात हे हळूहळू मला उमगले, आणि तेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

संदर्भ म्हणजे पत्ता. लेखक एक विधान करतो आणि त्याच्या डोक्यावर लहानसा आकडा घालतो. तो आकडा वाचकास सांगतो की, हे मी मनाने म्हणत नाही, अमुक ठिकाणी जा आणि स्वतः पाहून घे. तेव्हा पत्ता असा पाहिजे की अनोळखी मनुष्यही त्या दारापर्यंत पोहोचला पाहिजे. आपण उपनगरवासी, आपल्याला हे चटकन समजेल. "महात्मा गांधी मार्ग, मुंबई" एवढेच लिहून कोणी पत्र टाकले तर पोस्टमनने काय करावे? तो मार्ग मुलुंडला आहे, घाटकोपरला आहे, विलेपार्ल्याला आहे, गोरेगावला आहे आणि कांदिवलीलाही आहे. बरे, मुलुंड लिहिले, तरी पूर्व की पश्चिम? मुलुंड पश्चिमेचा पिनकोड ४०००८० आणि पूर्वेचा ४०००८१. शेवटचा एक आकडा चुकला की पत्र रुळांच्या पलीकडे गेलेच.

वैद्यकीय लेखाच्या पत्त्यात सहा गोष्टी लागतात : लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, वर्ष, खंड आणि पृष्ठे. एक खराखुरा पत्ता, देवनागरीत उतरवून, आपल्यापुढे ठेवतो :

वकील आर जे. अ क्लिनिकल ट्रायल ऑफ राउवोल्फिया सर्पेंटिना इन इसेन्शियल हायपरटेन्शन. ब्रिट हार्ट ज. १९४९;११:३५०-५.

वकील हे आडनाव, धंद्याने ते डॉक्टर. आडनाव आधी, मग नावाची आद्याक्षरे, आणि आद्याक्षरांमध्ये टिंब नाही. नावानंतर पूर्णविराम, शीर्षकानंतर पूर्णविराम. वर्षानंतर अर्धविराम, खंडानंतर अपूर्णविराम, पृष्ठांमध्ये संयोगचिन्ह. पृष्ठे ३५० पासून ३५५ पर्यंत, परंतु शेवटी नुसता ५ लिहिला आहे, कारण जो आकडा बदलत नाही तो पुन्हा लिहावयाचा नाही. ही काटकसर मला प्रथम कंजूषपणाची वाटली. दोनशे संदर्भांची यादी पाहिल्यावर तिचे महत्त्व कळले.

हाच पत्ता का निवडला तेही सांगतो. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ, परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी त्यांचा संबंध होता. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवर तिचा उपयोग होतो असे लिहिले, ते "इंडियन मेडिकल वर्ल्ड" या नियतकालिकात छापले गेले. त्याच साली दिल्लीत सिद्दिकी यांनी त्या मुळांतील क्षारतत्त्वे वेगळी केली. हे काम हिंदुस्थानाबाहेर फारसे कोणाच्या नजरेस पडले नव्हते. वकिलांनी आपल्या रुग्णांवर घेतलेला अनुभव १९४९ साली इंग्लंडच्या "ब्रिटिश हार्ट जर्नल"मध्ये प्रसिद्ध केला आणि आपल्या आधी येथे कोणी काय केले याचीही त्यात दखल घेतली. तो लेख अमेरिकेत बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात आला, त्यांनी मुळी मागवून आपल्या रोग्यांवर प्रयोग सुरू केले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बासेल येथील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. आज रक्तदाबावर त्याहून चांगली औषधे आली आहेत आणि रेसर्पिन मागे पडले आहे. परंतु एके काळी जगभर लक्षावधी रोगी त्यावर होते. कलकत्त्याच्या एका कपाटातील गोष्ट परळमार्गे बोस्टनला पोहोचली ती छापील पानांवरील नाव, साल, खंड, पृष्ठ यांच्या माग काढीत. मधला एखादा आकडा उलटा पडून १९४९ चे १९९४ झाले असते, तर पुढच्याने कोणत्या कपाटात शोधावे?

आता या पद्धतीला व्हँकूव्हर पद्धत का म्हणतात? १९७८ च्या जानेवारीत कॅनडातील त्या शहरी इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक जमले होते. तोपर्यंत प्रत्येक नियतकालिकाचा थाट निराळा असे. एकाने लेख परत पाठविला की दुसऱ्याकडे धाडण्यापूर्वी सारी यादी टंकयंत्रावर नव्याने बडवावी लागे. एक समान रीत असावी असे त्यांनी ठरविले, १९७९ साली ते नियम प्रथम प्रसिद्ध झाले, आणि संदर्भांचा साचा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने घालून दिला. या पद्धतीत लेखात जो संदर्भ प्रथम येईल त्याला १, नंतरच्याला २, असे क्रमाने आकडे पडतात, आणि शेवटची यादीही त्याच क्रमाने लागते, अकारविल्हे नव्हे. तोच संदर्भ पुन्हा आला तर जुनाच आकडा पुन्हा वापरावयाचा. राजावाडीत किंवा कूपरमध्ये एकदा केसपेपर काढला की दुसऱ्या खेपेस तोच नंबर दाखवावा लागतो, तसेच हे. लेखक सहापेक्षा अधिक असतील तर पहिली सहा नावे देऊन "आणि इतर" अशा अर्थाचा लॅटिन संक्षेप लिहितात. कोणाशी तोंडी झालेले बोलणे यादीत घालीत नाहीत.

तथापि प्रत्येक नियतकालिक आपापल्या परीने थोडा फेरफार करतेच. आपल्या परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून १९५५ पासून "जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन" निघते. तेथे लेख धाडावयाचा तर त्यांच्या "लेखकांसाठी सूचना" आधी वाचाव्यात, दिल्लीला धाडावयाचा तर दिल्लीच्या वाचाव्यात. प्रश्नपत्रिकेवरील सूचना न वाचता उत्तरे लिहू लागणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो; तो पुढे डॉक्टर झाला तरी त्याची खोड जात नाही.

हे सारे परक्यांचे लोढणे आहे असे कृपा करून समजू नका. निराधार काही लिहिणार नाही आणि अनावश्यक काही सांगणार नाही, अशी प्रतिज्ञा टीकाकार मल्लिनाथाने आपल्या टीकेच्या आरंभीच केली आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडशः छापली, ती याचसाठी की इतिहास लिहिणाऱ्याने मूळ कागद पाहावा. महामहोपाध्याय पां. वा. काणे याच मुंबईत वकिली करीत असत. १९३० ते १९६२ पर्यंत त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड बाहेर पडले, आणि त्यांतील तळटीपा पाहिल्या की पुष्कळदा पानावर वर मजकूर थोडा आणि खाली आधारच फार, असे दिसते. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. ज्या भाषेत ही माणसे झाली त्या भाषेतील मुलांनी संदर्भ द्यावयास कंटाळावे हे मला पटत नाही.

नावांच्या बाबतीत मात्र थोडे थांबले पाहिजे. १८८७ साली प्राग शहरी यारोस्लाव ह्लावा नावाच्या डॉक्टरांनी आमांशावर झेक भाषेत एक लेख लिहिला. त्याचे शीर्षक "ओ उप्लाविची", म्हणजे "आमांशाविषयी". त्याचा जर्मन सारांश छापताना घोटाळा झाला आणि शीर्षकच लेखकाच्या जागी जाऊन बसले. झाले! "डॉ. ओ. उप्लाविची" नावाचा एक विद्वान जन्मास आला. पुढे पन्नास वर्षे वैद्यकीय ग्रंथांत त्याचे नाव आदराने घेतले जात होते. १९३८ साली क्लिफर्ड डोबेल या इंग्रज शास्त्रज्ञाने मूळ लेख धुंडाळला आणि या कधीच नसलेल्या गृहस्थाचा मृत्युलेख लिहावा तसा लेख प्रसिद्ध केला. सभेत शब्द उच्चारतो याची क्षमा असावी, परंतु हे म्हणजे "हगवणीविषयी" असा मथळा पाहून "डॉ. ह. गवणी" नावाचा लेखक कल्पिण्यासारखे झाले. आपण हसलात, ठीक आहे. पण बिचाऱ्या ह्लावांचे श्रेय अर्धे शतक दुसऱ्याच्या, आणि तेही अस्तित्वात नसलेल्याच्या, नावावर जमा होत राहिले.

आपल्या नावांचा घोळ निराळा आहे. आपल्या मंडळाची कुटुंबसूची उघडून पाहा. एकच नाव आणि एकच आडनाव असलेले तीन-तीन गृहस्थ तीत सापडतील. वडिलांचे नाव आणि मूळ गाव यांवरूनच ते ओळखू येतात. वैद्यकीय यादीत गाव लिहीत नाहीत. तेथे "पाटील एस" किंवा "जोशी ए" एवढेच राहते, आणि अशा जोशी-पाटलांची महाराष्ट्रात मोजदाद नाही. म्हणून पहिला लेख छापताना आपण वडिलांचे आद्याक्षर घालणार की नाही हे एकदाच ठरवावे आणि पुढे जन्मभर तेच चालवावे. मुलींच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे. लग्नापूर्वी तीन लेख एका आडनावाने आणि लग्नानंतर चार दुसऱ्याने, असे झाले की शोधणाऱ्यास त्या दोन निराळ्या बायका वाटतात. आपल्या शेजारच्या कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदी झाली आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली. माहेरचे व सासरचे आडनाव जोशीच असल्यामुळे तिचा एक प्रश्न तरी टळला! सर्वांचे नशीब तसे नसते. लेखनासाठी माहेरचे आडनाव ठेवावयाचे असेल तर सासरच्या मंडळींनी त्यात मानापमान पाहू नये, अशी या व्यासपीठावरून माझी आग्रहाची विनंती आहे. २०१२ पासून "ऑर्किड" नावाचा सोळा अंकी क्रमांक लेखकांना विनामूल्य मिळतो. तो घेतला की नाव बदलले तरी काम एकाच खात्यावर राहते. तो प्रत्येकाने पहिल्याच वर्षी घ्यावा.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. यादीतील विरामचिन्हे शिकणे एका दुपारचे काम आहे. जो लेख आपण संदर्भ म्हणून दिला तो आपण वाचला आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

परीक्षेत नक्कल केलेली शिक्षकाला कशी कळते? दोघांची बरोबर उत्तरे सारखी असली तर काहीच सिद्ध होत नाही. दोघांची चूक सारखी असली की कळते. हीच युक्ती कॅलिफोर्नियातील सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघा संशोधकांनी २००३ च्या सुमारास संदर्भांना लावली. भौतिकशास्त्रातील १९७३ सालचा एक गाजलेला लेख त्यांनी घेतला. त्याचा उल्लेख सुमारे ४३०० ठिकाणी झाला होता. त्यांपैकी १९६ ठिकाणी पत्त्यात काही ना काही चूक होती. परंतु चुकांचे निरनिराळे प्रकार अवघे ४५, आणि एकच एक चूक ७८ ठिकाणी जशीच्या तशी! अठ्ठ्याहत्तर विद्वानांची बोटे स्वतंत्रपणे एकाच जागी घसरली असे कोण म्हणेल? मागच्याच्या यादीतून पुढच्याने उतरवून घेतले, हे उघड आहे. त्या दोघांनी गणिताने असा अंदाज काढला की उल्लेख करणाऱ्यांपैकी मूळ लेख वाचणारे शेकडा वीसच असावेत.

भौतिकशास्त्रात अशाने कोणी मरत नाही. वैद्यकात काय होते ते ऐका.

१९८० च्या जानेवारीत अमेरिकेतील "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन"मध्ये बोस्टनच्या जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे एक पत्र छापून आले. लेख नव्हे, संपादकांस पत्र. आणि तेही अवघ्या पाच वाक्यांचे. रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या रोग्यांना अफूवर्गातील वेदनाशामक औषध निदान एकदा दिले गेले अशा ११,८८२ जणांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या, आणि ज्यांना पूर्वी व्यसन नव्हते अशांपैकी चौघांनाच व्यसन जडल्याचे नीट नोंदलेले त्यांना आढळले. पत्रात खोटे काही नव्हते. परंतु ते रोगी रुग्णालयात होते, डॉक्टर-परिचारिकांच्या नजरेखाली होते. घरी नेऊन महिनेन् महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्या पत्रात चकार शब्द नव्हता.

पुढे काय झाले? एकाने त्या पत्राचा आकडा आपल्या विधानावर चढविला, त्याचे पाहून दुसऱ्याने, त्याचे पाहून तिसऱ्याने. "ही औषधे दीर्घकाळ घेतली तरी व्यसन क्वचितच लागते," हे विधान, आणि आधार म्हणून पाच वाक्यांचे ते पत्र. १९९० नंतर अमेरिकेत अशा गोळ्यांचा सुकाळ झाला, आणि त्या व्यसनात व त्याच्या पाठोपाठ आलेल्या विषारी मादक द्रव्यांत तेथे लाखो माणसे दगावली. २०१७ साली कॅनडातील संशोधकांनी त्या पत्राचा उल्लेख कोठे कोठे झाला हे मोजले आणि ते त्याच नियतकालिकात छापले. ६०८ उल्लेख सापडले. त्यांपैकी ४३९ ठिकाणी, म्हणजे शेकडा ७२ हून अधिक ठिकाणी, व्यसन क्वचित लागते याचा पुरावा म्हणून ते पत्र वापरले होते. आणि ते रोगी रुग्णालयात दाखल होते ही गोष्ट शेकडा ८० हून अधिक लेखकांनी सांगितलीच नव्हती.

त्या सहाशे याद्यांतील विरामचिन्हे बहुतेक बरोबर असतील. साल बरोबर, खंड बरोबर, पृष्ठ बरोबर. आणि पत्त्यावर जाऊन दार कितीकांनी ठोठावले? पाच वाक्ये वाचावयास एक मिनिट पुरे होते. त्या अनर्थाला कारणे पुष्कळ होती, औषधे विकणाऱ्यांचा लोभ हे त्यांतील मोठे, हे मी जाणतो. परंतु त्या लोभाला बसावयास पाट कोणी दिला, हेही विचारले पाहिजे.

हे दूरदेशीचे झाले. आपल्यातील एका डॉक्टर मुलीची गोष्ट सांगतो, नावगाव सांगत नाही. तिच्या लेखात तान्ह्या मुलांना एका औषधाची किती मात्रा द्यावी याचे एक वाक्य होते, त्यावर १४ हा आकडा होता. मी सवयीने विचारले, "हा चौदावा तू पाहिलास का?" ती म्हणाली, "गुरुजी, हे सगळे जण असेच देतात." मी म्हटले, सगळे जण देतात तर सापडण्यास सोपे असेल. ती शोधू लागली. चौदावा संदर्भ हा मूळ प्रयोग नव्हता. तो दुसऱ्यांच्या कामाचा आढावा होता. त्याने बोट दाखविले एका जुन्या लेखाकडे. तो संगणकावर पूर्ण मिळेना, म्हणून ती ग्रंथालयात गेली आणि तिने बांधीव खंड काढविला. त्यात मुले होती, परंतु सर्वांत लहान मूल दोन वर्षांचे होते. तान्ह्यांचा त्यात उल्लेखही नव्हता. तिने ते वाक्य काढून टाकले. त्यापायी लेख पाठविण्यास तीन आठवडे उशीर झाला आणि घरची मंडळी माझ्यावर थोडी रुष्ट झाली, कारण बढतीसाठी लेख हवा होता. मी त्यांचा राग समजू शकतो. पण ते वाक्य तसेच छापले गेले असते, तर पुढे कोणा तरुण डॉक्टराने रात्रपाळीत त्यावर विसंबून तान्ह्या बाळाचे औषध मोजले असते, आणि त्याला कोणी दोषही दिला नसता.

अलीकडे आणखी एक संकट आले आहे. प्रश्न विचारताच लेख लिहून देणारी यंत्रे निघाली आहेत. मुले ती वापरतात, नाही म्हणून उपयोग नाही. ही यंत्रे संदर्भही देतात, आणि ते इतके नीटनेटके असतात की माझ्यासारखा विरामचिन्हे पाहणारा शिक्षक प्रथमदर्शनी पूर्ण गुण देईल. २०२३ साली अशा एका यंत्राकडून वैद्यकीय विषयांवर टिपणे लिहवून घेऊन त्यांतील ११५ संदर्भ तपासले गेले. शेकडा ४७ साफ बनावट निघाले, असे लेखच नव्हते. शेकडा ४६ खऱ्या लेखांचे होते, परंतु त्यांत चुका होत्या. खरे आणि बिनचूक असे शेकडा ७ उरले. यंत्रे दिवसेंदिवस सुधारत आहेत असे सांगतात, आणि तसे असेलही. प्राग शहरी एक ओ. उप्लाविची जन्मास यावयाला मनुष्याचा हलगर्जीपणा लागला होता. हे यंत्र अशी माणसे डझनांनी जन्मास घालते.

तेव्हा यंत्राने दिलेला, मित्राने दिलेला किंवा जुन्या प्रबंधातून मिळालेला प्रत्येक संदर्भ "पबमेड" या सूचीत स्वतः शोधावा. अमेरिकेच्या त्याच राष्ट्रीय ग्रंथालयाची ती सूची १९९७ पासून सर्वांस खुली आहे, पैसे पडत नाहीत. तेथे आणखी एक गोष्ट कळते : लेख नंतर मागे घेतला गेला असेल तर तशी ठळक सूचना असते. गोवर, गालगुंड इत्यादींच्या लसीमुळे मुलांत आत्ममग्नता येते असे सुचविणारा वेकफील्ड यांचा १९९८ सालचा लेख "लॅन्सेट"ने २०१० साली मागे घेतला. मध्यंतरीच्या बारा वर्षांत कितीतरी आईबापांनी लस टाळली. असा लेख आधार म्हणून आपल्या यादीत राहता कामा नये. याद्या जुळविण्यासाठी "झोटेरो" नावाचे फुकट साधन आहे. मध्येच एक संदर्भ घुसला तर पुढचे सारे आकडे ते आपोआप सरकविते, ही मोठीच सोय. परंतु त्याला चुकीचे साल खाऊ घातले तर ते चुकीचेच साल सुबकपणे छापून देईल.

आता व्यवस्थेचे सांगून पुरे करतो. मंडळाच्या खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी बसणार आहे. कार्यकारिणीने तशी परवानगी दिली आहे. ज्यांना यादी दाखवावयाची असेल त्यांनी ती कागदावर छापून आणावी, दोन ओळींत अंतर सोडावे, म्हणजे मला लिहावयास जागा राहील. ज्या नियतकालिकाकडे लेख धाडावयाचा त्याच्या सूचनांचे पान सोबत असावे. प्रत्येक संदर्भाच्या मूळ लेखाचे निदान पहिले पान, आणि ज्या वाक्याचा आधार घेतला ते ज्या पानावर असेल ते पान, पेन्सिलीने खूण करून आणावे. कोणाकडे ते पान नसेल तर तो आकडा मी यादीत गोल करून ठेवीन. डॉक्टर मंडळींपैकी कोणास महिन्यातून एक तास देणे शक्य असेल तर त्यांनी चिटणीसांकडे नाव द्यावे, कारण पान समोर असूनही त्यातील वैद्यक मला कळत नाही. जून महिन्यात मी गावी असेन, त्या महिन्यात बैठक होणार नाही.